९ ची मोटर चालली, १४ ची जळाली : एका जॅकवेलच्या मेगर रजिस्टरचा अभ्यास

प्रकरण कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा जलसिंचन संस्थेचे आहे. संस्थेचे नाव देत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात नदीकाठाने फिरलात तर अशी जॅकवेल (नदीचे पाणी उपसायच्या विहिरी) जागोजागी दिसतील आणि बहुतेकांच्या कपाटात असेच रजिस्टर सापडेल. चार पंप, प्रत्येकावर १५० एचपीची ४१५ व्होल्टची उभी मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा). पॅनेल काठावर उंचावरच्या खोलीत, मोटरी जॅकवेलच्या डोक्यावर, मध्ये साठेक मीटर केबल. कॅपॅसिटर बँक मेन बसवर आहे, त्यामुळे पुढच्या हिशेबात तिचा संबंध येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ३ नंबरची मोटर जळाली. हंगामाला सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी, पहाटे बटण दाबले, स्टारवरून डेल्टावर जाताना धाडकन आवाज झाला आणि मेन ब्रेकर पडला. मशिनरी विम्याच्या सर्व्हेअरने मेगरच्या नोंदी मागितल्या. मेगर म्हणजे मोटरीच्या वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचे यंत्र; आकडा मेगाओहममध्ये येतो. सचिवांनी रजिस्टर पुढे केले आणि घोळ तिथून सुरू झाला, कारण त्यात लागोपाठ दोन ओळी होत्या:

मोटर नं. १ : ९ मेगाओहम, ओके
मोटर नं. ३ : १४ मेगाओहम, ओके

९ वाली मोटर धडधाकट पाणी उपसत होती. १४ वाली जळून वर्कशॉपमध्ये पडली होती. चेअरमन मला म्हणाले, "आकडा मोठा तर मोटर चांगली, हे तुमीच लोकं सांगता. मग चांगली जळती कशी आन् वाईट चालती कशी? मेगर मारायचाच कशापायी मग?" प्रश्न रास्त होता. मला बोलावले होते सर्व्हेअरसाठी तांत्रिक टिपण लिहून द्यायला, पण या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय ते टिपण उभे राहणार नव्हते.

शिवाय एक गोष्ट तातडीची होती. मागची पाने चाळून सचिवांनी ताडले होते की १ नंबर गेल्या वर्षीपर्यंत '∞' दाखवत होती ती यंदा एकदम ९ वर आली, म्हणजे पुढची पाळी तिचीच. रिवाइंडिंगचे (वाइंडिंग नव्याने भरण्याचे) दीड लाखाच्या घरातले कोटेशन येऊन पडले होते. चेन कुप्पी लावून मोटर उतरवायचा दिवस ठरायचाच बाकी होता. रजिस्टर जसे होते तसे वाचले तर सचिवांचे काहीच चुकत नव्हते.

रजिस्टरात काय होते

रकाने साधे: दिनांक, मोटर नंबर, आर, वाय, बी (या तीन फेज), शेरा. ३ नंबरच्या नोंदी अशा:

डिसेंबर २०१९ : ४५०, ४३०, ४५० (वर्कशॉप)
ऑक्टोबर २०२० : ∞, 〃, 〃, ओके
ऑक्टोबर २०२१ : ∞, 〃, 〃, ओके
ऑक्टोबर २०२२ : ८०, 〃, 〃, ओके
नोव्हेंबर २०२३ : १४, 〃, 〃, ओके

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात १ आणि २ नंबर वेळेत वर ओढल्या, ३ आणि ४ पाण्याखाली गेल्या. त्या दोन्ही एकाच वर्कशॉपमध्ये रिवाइंड झाल्या. जुलै २०२१ च्या पुरात चारही वाचल्या, पण काही दिवस ताडपत्रीखाली टांगून राहिल्या.

सर्व्हेअरची पहिली शंका २०१९ च्या ओळीवर होती. पंपहाउसवरचा मेगर हाताने फिरवायचा, ५०० व्होल्टचा, आणि त्याच्या तबकडीवर शेवटची खूण २०० ची. पुढे थेट ∞. मग ४५० आले कुठून? नोंद मागाहून घुसडली का? तसे काही नव्हते. ती रीडिंगे वर्कशॉपवाल्याने स्वतःच्या डिजिटल मेगरवर घेतली होती आणि ऑपरेटरने ती प्रामाणिकपणे उतरवली होती. कोणत्या मेगरने मोजले हे लिहायला रजिस्टरात रकानाच नव्हता, एवढ्यावरून माणूस खोटा ठरायची वेळ आली.

त्या आडव्या आठाबद्दलही थोडे. ∞ म्हणजे इन्सुलेशन अनंत चांगले असा अर्थ होत नाही. काटा २०० च्या पलीकडे गेला एवढेच त्याला ठाऊक असते. २०२० चे ∞ हे २१० असू शकते, २,००० ही असू शकते. २०२१ चेही तसेच. म्हणजे या दोन वर्षांत मोटर जागच्या जागी होती की घसरत होती, हे रजिस्टर सांगूच शकत नाही. '२०० च्या वर' असे लिहिले असते तर निदान वाचणाऱ्याची फसगत झाली नसती.

मग ९ आणि १४

रजिस्टरात वेळ नव्हती, तापमान नव्हते. पण पंपिंगची लॉगशीट होती, आणि पाणीपट्टीचा हिशेब तिच्यावर चालतो म्हणून ती मिनिटांपर्यंत भरलेली होती. ती आणि मेगर रजिस्टर शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र दिसू लागले.

२०२३ चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. सभासदांचा ऊस वाळायला लागला तसे संस्थेने १ आणि २ नंबर ऑगस्टअखेरीलाच सुरू केल्या. एरवी चारही मोटरींना ऑक्टोबरात, हंगामाच्या आधी, थंड असताना मेगर लागतो. त्या वर्षी तो क्रम मोडला. नोव्हेंबरात '३ आणि ४ ला मेगर मारायचाच आहे तर १ लाही मारून घ्या' असे ठरले. लॉगशीटप्रमाणे त्या दिवशी १ नंबर पहाटे ५ ला सुरू झाली आणि दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी बंद. ऑपरेटरला नीट आठवत होते: "पंप बंद केला, च्या पिलो आन् लगीच मेगर लावला. बॉडीला हात ठरत नव्हता सायेब." ३ नंबरला मेगर लागला दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसातच्या सुमारास. ती मे महिन्यापासून बंद होती.

तांब्याचा रोध तापल्यावर वाढतो हे आयटीआयला सगळे शिकतात. इन्सुलेशनचे उलटे असते. ढोबळ नियम असा की वाइंडिंग १० अंशांनी तापले की मेगरचे रीडिंग निम्म्यावर येते, १० अंशांनी निवले की दुप्पट होते. म्हणून रीडिंग ४० अंशांवर आणून मगच ताडायचे, अशी पद्धत फिरत्या यंत्रांसाठीच्या आयईईई ४३ या (विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मानकात आहे.

१ नंबरचे वाइंडिंग त्या वेळी ६० ते ७० अंशांवर असणार. ६० धरले तर ९ ला ४ ने गुणायचे, ३६ येतात. ७० धरले तर ८ ने, ७२ येतात. ३ नंबर पहाटेच्या गारठ्यात २० अंशांच्या आसपास होती. १४ ला ०.२५ ने गुणले की उरतात ३.५. दोन अंश इकडेतिकडे धरले तरी ३ ते ४ च्या मध्येच. एका तापमानाला आणल्यावर ९ वाली मोटर १४ वालीच्या किमान नऊपट चांगली निघाली.

चेअरमनना एवढे पुरले. सर्व्हेअरला पुरणार नाही हे मला माहीत होते, कारण निम्मे-दुप्पटचा नियम सगळ्या इन्सुलेशनला सारखा लागू होत नाही. आयईईई ४३ च्या २०१३ च्या आवृत्तीत थर्मोसेटिंग (तापवल्यावर कायमच्या घट्ट होणाऱ्या) इन्सुलेशनसाठी वेगळे सूत्र दिले आहे आणि त्यात तापमानाचा परिणाम बराच सौम्य धरला आहे. त्या सूत्राने १ नंबर २९ च्या आसपास येते (७० अंश धरून) आणि ३ नंबर साडेदहा-अकराच्या घरात. क्रम तोच राहतो, पण एक अडचण होते. अशा सुट्या तारेने भरलेल्या वाइंडिंगला ते मानक ४० अंशांवर किमान ५ मेगाओहम मागते. एका हिशेबाने ३ नंबर नापास, दुसऱ्याने पास. 'मर्यादेखालची मोटर चालवली' असे बेधडक लिहून मोकळे होता आले असते, पण समोरच्याने दुसरे सूत्र काढले असते तर टिपण तिथेच आडवे झाले असते.

म्हणून मी टिपणाचा भार मर्यादेवर ठेवला नाही, २०२२ आणि २०२३ च्या दोन ओळींवर ठेवला. दोन्ही वेळा मोटर महिनोन्‌महिने बंद, दोन्ही वेळा थंड, दोन्ही वेळा मेगर तोच, माणूस तोच. इथे कोणतेही सूत्र लावायची गरज नाही. ८० चे १४ झाले. उलट ऑक्टोबर नोव्हेंबरपेक्षा जरा उबदार असतो, म्हणजे खरी घसरण आकड्यात दिसते त्याहून मोठीच. एका वर्षात पाचव्या हिश्शाखाली आलेली मोटर सुरू करायची नसते, मग ती कुठल्या मर्यादेच्या वर असो की खाली. ही घसरण रजिस्टरात दोन लागोपाठ ओळींत लिहिलेली होती. तिच्यापुढे 'ओके' असे लिहिलेले असल्याने ती कोणी वाचली नाही.

'एकच्या वर आलं की सोडायची'

ऑपरेटर वायरमन परवानाधारक, वीसेक वर्षे याच कामावर. त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवायचा ठराव मासिक सभेपुढे येणार होता. त्याला विचारले, १४ बघून शंका आली नाही का? "चौदा म्हंजे चांगलंच की सायेब. एकच्या वर आलं की सोडायची, असंच सांगितलंय आमास्नी."

हा १ मेगाओहम त्याने मनाने काढलेला नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये नियम ४८ खाली आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत तो आहे: वीजजोडणी देण्याआधी लो आणि मीडियम व्होल्टेजच्या मांडणीवर ५०० व्होल्ट एक मिनिट लावल्यावर लाइव्ह कंडक्टर आणि अर्थ यांमध्ये किमान १ मेगाओहम हवे. टेस्ट रिपोर्टवर वर्षानुवर्षे तेच लिहिले जाते. पण ती अट सबंध मांडणीला जोडणी द्यायची की नाही याची आहे. एकट्या मोटरची तब्येत तिच्यावरून ठरवायची नसते. दुसरा प्रचलित ठोकताळा म्हणजे 'केव्ही अधिक एक', म्हणजे किलोव्होल्टमधला आकडा अधिक एक. ४१५ व्होल्टला तो १.४ मेगाओहम देतो, आणि मानकात तो साधारण १९७० पूर्वीच्या वाइंडिंगसाठी म्हणून राहिला आहे. २०१९ ला रिवाइंड केलेल्या मोटरीला १९७० आधीचे माप लावून पास करण्यात अर्थ नाही. पण हे त्याला कधी कोणी सांगितले होते? रजिस्टरात शेऱ्याचा रकाना होता, शेरा कशावरून लिहायचा ते पहिल्या पानावर कुठेच नव्हते.

खरी मेख त्या 〃 खुणांत होती. मी विचारले, तिन्ही फेज सारख्याच १४ आल्या? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आर ला घेतलं. तिन्ही एकच की वाइंडिंग."

तिन्ही एक नसतात. स्टार-डेल्टा स्टार्टर बंद असताना स्टारचा आणि डेल्टाचा, दोन्ही कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) उघडे असतात. मोटरकडे जाणाऱ्या सहा तारा म्हणजे तीन स्वतंत्र वाइंडिंगची सहा टोके. आर ला लावलेला मेगर वाय आणि बी बद्दल काही सांगत नाही. डेल्टाच्या पट्ट्या जोडलेली मोटर असती तर एका फेजचे रीडिंग तिन्हींचे म्हणून चालले असते; डायरेक्ट स्टार्टरच्या छोट्या पंपांवर काम करताना हीच सवय हाताला लागते. वर्कशॉपने २०१९ ला तीन आकडे दिले होते आणि त्यांत मधला वेगळा होता, यातच सगळे आले. जळाली ती बी फेज. तिचे २०१९ नंतरचे एकही रीडिंग अस्तित्वात नाही.

टिपणात हे जसेच्या तसे लिहिले. त्याने संस्थेची बाजू जरा लंगडी झाली हे खरे, पण लपवले असते तर सर्व्हेअरच्या पहिल्याच प्रश्नात बाहेर आले असते.

केबलचा आक्षेप

वर्कशॉपचे म्हणणे असे की रीडिंग पॅनेलपासून घेतले, म्हणजे त्यात केबल आली, आणि ओली केबल १४ दाखवत असेल. मुद्दा बरोबर आहे. पॅनेलवरून मोजताना केबल आणि मोटर समांतर जोडल्यासारख्या असतात आणि आकडा दोघींतल्या वाईटकडे झुकतो. सुदैवाने हा मुद्दा तपासता येत होता. मोटर काढल्यावर तीच केबल टर्मिनल बॉक्समधून मोकळी लोंबत होती. तिचे लग (तारांच्या टोकांचे जोड) एकमेकांना लागणार नाहीत असे बांधून मेगर लावला, तर प्रत्येक कोअर २०० च्या वर. केबल अगदी २०० ची धरली तरी एकत्रित १४ यायला मोटर १५ चीच हवी. केबल सुटली.

मोटर उघडल्यावर

वर्कशॉपचे दुसरे म्हणणे: सिंगल फेजिंग झाले, त्यात मोटर गेली. तसे असते तर खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. डेल्टात चालणाऱ्या मोटरीची एक लाइन गेली की एका फेजच्या सगळ्या कॉइल करपतात आणि बाकी दोन फेज बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. रांगोळीसारखा एकसारखा काळा-पांढरा नमुना दिसतो. इथे तसे काही नव्हते. बी फेजच्या एकाच कॉइलला, स्लॉटमधून बाहेर येते तिथे, खालच्या बाजूला भोक पडले होते. समोर स्टॅम्पिंगच्या (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांच्या) दातावर वितळलेल्या तांब्याचा मणी. शेजारच्या कॉइलवर काजळी होती, पण खाली वार्निश शाबूत. खालच्या कॉइल-एंडवर (कॉइलच्या स्लॉटबाहेरच्या भागावर) ग्रीस आणि धुळीचा चिकट थर होता. बोटाने खरवडला तर ओलसर लागला. वरच्या बाजूला तो जवळजवळ नव्हताच. हा बॉडीशी झालेला शॉर्ट होता, ओलीने आणि मळाने कमजोर झालेल्या जागी, आणि तो स्टारवरून डेल्टावर जातानाच्या झटक्याला झाला यात नवल नाही.

ओल आली कुठून याचे उत्तर पॅनेलमध्ये मिळाले. चारही मोटरींत स्पेस हीटर आहेत. मोटर बंद असताना वाइंडिंग हवेपेक्षा थोडे उबदार ठेवायचे, म्हणजे त्यावर दव धरत नाही, एवढ्यासाठी ते असतात. ३ आणि ४ च्या हीटरची एमसीबी पाडलेली होती. हंगामाअखेर पंप बंद केले तेव्हा 'बिल कशाला वाढवा' म्हणून कोणीतरी पाडली. १ आणि २ ची पाडायची राहून गेली होती! जॅकवेलवर पावसाळाभर बंद पडलेल्या मोटरीला तो लहानसा हीटर मिळाला नाही.

पहाटे पावणेसातला ३ नंबरच्या बॉडीवर पाण्याचे थेंब होते, हे ऑपरेटरने नंतर सांगितले. म्हणजे १४ मध्ये थोडा भाग वरवरच्या दवाचा असू शकतो. नुसते दव होते की आत मुरलेली ओल, हे एका रीडिंगवरून कळत नाही. हीटर लावून, दुपारी ऊन वर आल्यावर पुन्हा मेगर मारला असता तर कळले असते. आकडा चढला असता तर दव, खालीच राहिला असता तर मुरलेली ओल.

४ नंबर सुकवताना

४ नंबर ही ३ ची जुळी बहीण. त्याच पुरात बुडालेली, त्याच वर्कशॉपची, तिचाही हीटर बंद, आणि अजून सुरू न केलेली. तिला मेगर लावला, या वेळी डिजिटल, टर्मिनल बॉक्समध्ये केबल सोडवून, तिन्ही फेज वेगवेगळ्या. २२ अंशांना आर ९, वाय ८, बी ६ मेगाओहम. बी चे ३० सेकंदांना ६.० आणि १ मिनिटाला ६.१. चांगल्या कोरड्या वाइंडिंगमध्ये या दोन आकड्यांत अंतर दिसते. इथे आकडा जागचा हलत नव्हता, म्हणजे जो प्रवाह गळत होता तो सरळ ओलीतूनच. (मोठ्या हाय व्होल्टेज मोटरींना १० मिनिटांचे आणि १ मिनिटाचे गुणोत्तर काढतात. सुट्या तारेच्या वाइंडिंगमध्ये शोषण-प्रवाह (इन्सुलेशन सुरुवातीला थोडा वेळ शोषते तो) दोन-तीन मिनिटांतच विरतो, म्हणून तिथे ३० सेकंद आणि १ मिनिट पाहिलेले बरे.)

हीटर चालू केला, खालून हॅलोजनचे दिवे लावले, वरून ताडपत्री, वाफ जायला फट ठेवली. संध्याकाळी ऑपरेटरचा फोन: "सायेब, तापवलं तर आनखीनच खाली आलं. एक पूर्णांक चार दावतंय." घाबरण्यासारखेच होते, कारण रजिस्टरच्या भाषेत ६ वरून १.४ म्हणजे मोटर गेली. पण वाइंडिंग तेव्हा ४८ अंशांवर होते. ४० वर आणले तर सकाळचे ६ होतात १.७ आणि संध्याकाळचे १.४ होतात २.४. मोटर सुधारत होती, आकडा मात्र पडत होता. पुढे ६० अंशांवर ३ आले, म्हणजे ४० ला १२. मग त्याच ६० अंशांवर ११, म्हणजे ४४, आणि तिथे ते थांबले. दिवे काढून थंड होऊ दिली, २५ अंशांना १२० मिळाले. ४० ला आणले की ४२.

या शेवटच्या दोन आकड्यांनी माझे एक अडलेले कामही झाले. ६० अंशांचे ११ आणि २५ अंशांचे १२०, मधल्या वेळात ओल वाढलेली नाही. ३५ अंशांत आकडा जवळपास ११ पट झाला, निम्मे-दुप्पटचा नियमही ११ पटच सांगतो. ३ आणि ४ चे वाइंडिंग एकाच हातचे, एकाच मालाचे. म्हणजे ३ नंबरला सौम्य सूत्र न लावता निम्मे-दुप्पट लावणे योग्य होते, आणि तिचे ३.५ हे ५ च्या खालीच होते. टिपणात ही पुरवणी जोडली.

१ नंबरचेही पाहून टाकले. दोन दिवस बंद ठेवून २४ अंशांना मेगर लावला: १ मिनिटाला २६०, ३० सेकंदांना १९०. ४० ला आणले की ८६. दीड लाखाचे कोटेशन सचिवांनी परत पाठवले. सर्व्हेअरने काही कपात करून दावा मान्य केला. ऑपरेटरवरचा ठराव सभेपुढे आला नाही.

नवे रजिस्टर

माझ्या पहिल्या मसुद्यात चौदा रकाने होते. ऑपरेटरने ते पान उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, हे भरायचे कोणी? त्याचे म्हणणे मान्य होते. न भरलेल्या चौदा रकान्यांपेक्षा भरलेले आठ बरे. शेवटी ठरले ते असे: तारीख आणि वेळ, मोटर नंबर, किती तास बंद होती, तापमान, मेगरचा नंबर आणि व्होल्टेज, आर-वाय-बी ची १ मिनिटाची रीडिंगे वेगवेगळी, कुठून मोजले (पॅनेल की टर्मिनल), सही. 'ओके'चा रकाना काढून टाकला. ∞ आणि 〃 लिहायला बंदी. '२०० च्या वर' असे लिहायचे. ४० अंशांवर आणलेला आकडा सचिव कार्यालयात लाल पेनने लिहितात आणि शेजारी गेल्या वर्षीचा. त्यासाठी गुणकांचा कागद रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला आहे: १५ अंशांना ०.१८, २० ला ०.२५, २५ ला ०.३५, ३० ला ०.५, ३५ ला ०.७१, ४० ला १, ५० ला २, ६० ला ४, ७० ला ८.

तापमान कशाने मोजायचे यावर बराच काथ्याकूट झाला. कोणीतरी कपाटातून कोरोनात घेतलेली कपाळाचा ताप मोजायची गन काढली. ती गरम मोटरीवर धरली की नुसते 'हाय' दाखवते. शेवटी साधा मार्ग धरला. मोटर किमान चोवीस तास बंद असेल तेव्हाच मोजायचे, आधीचा पूर्ण दिवस हीटर चालू ठेवून तासभर आधी बंद करायचा, आणि दुपारी मोजायचे. वाइंडिंग तेव्हा हवेपेक्षा थोडेच उबदार असते, म्हणून टर्मिनल बॉक्सच्या आत पाच मिनिटे ठेवलेला साधा थर्मामीटर पुरतो. गरम मोटर मोजायची पाळी आलीच तर वेळेच्या रकान्यात 'बंद केल्यावर २० मिनिटे' असे लिहायचे.

मेगर मारण्याची रीतही पहिल्या पानावर आली, चार ओळींत. आधी लाइन बंद, लॉक, आणि टेस्टरने खात्री. मग मेगरच्या दोन्ही लीड एकमेकींना लावून शून्य, मोकळ्या धरून टोक. जमिनीवर ओल्यात पडलेल्या लीड मोकळ्या असतानाही ४० दाखवताना मी पाहिल्या आहेत. मग एका लयीत पूर्ण एक मिनिट फिरवायचे, काटा थांबला म्हणून मध्येच सोडायचे नाही. आणि शेवटी फेज अर्थला लावून चार्ज उतरवायचा, निदान चार मिनिटे.

ऑक्टोबर २०२४ च्या पानावर सगळे रकाने भरलेले आहेत, मेगर नंबरचा एक सोडून. तो आता सचिवांनी छापूनच घेतला आहे. ४० अंशांवर आणलेले सर्वांत खालच्या फेजचे आकडे असे: १ नंबर ८०, नव्याने रिवाइंड झालेली ३ नंबर १६० च्या वर, ४ नंबर ५१. २ नंबरची बी फेज मात्र ३१ वर होती, बाकीच्या दोन सत्तरीत. तिला पुढच्या मे महिन्यात उतरवून कॉइल-एंड धुऊन, सुकवून, वार्निश मारायचे तेव्हा ठरले. तोवर ती चालवायची, पण तिच्या बी ला दर महिन्याला मेगर लावायचा.